जुबैल ते थुवाल, भुवया नसलेल्या बायकांना भेटायला

मार्च संपत आला होता तेव्हा सानिकाचा फोन आला. तिच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची एक संध्याकाळ असते. प्रत्येकानं आपल्या अभ्यासाबाहेरच्या एखाद्या विषयावर बोलायचं. यंदा ती बोलणार होती आणि आम्ही दोघांनी ऐकायला यायलाच हवं होतं. सानिका आमची एकुलती एक मुलगी, थुवालला रसायनशास्त्रात पुढचं शिकते. तिनं विषय निवडला होता युरोपातल्या प्रबोधनकाळात सुंदर बाई कोणाला म्हणायचे. मी म्हटलं, तुझा आणि सौंदर्याचा काय संबंध, तू तर केस विंचरायचाही आळस करतेस. त्यावर ती म्हणाली, "अगं आई, त्या बायका तोंडाला केमिकल्सच तर फासत होत्या."

जुबैल पूर्वेच्या किनाऱ्यावर, थुवाल पश्चिमेच्या. मधे अख्खं सौदी अरेबिया पसरलेलं, दीड हजार किलोमीटरच्या आसपास. शहाणी माणसं दम्मामहून थुवालजवळच्या जेद्दाला विमानानं जातात, दोन तासांत. प्रमोदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रस्त्यानं जायचं होतं. इतकी वर्षं इथल्या प्लांटमध्ये काढली आणि देश काही बघितला नाही, असं त्याचं म्हणणं. मी लगेच हो म्हटलं याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही. विमान दोन तासांत पोचवतं आणि मला दोन तासांत पोचायचं नव्हतं.

कारण सांगते. सानिका गेल्या ऑगस्टमध्ये थुवालला गेली आणि त्यानंतर माझे केस गेले. आधी कानामागं रुपयाएवढी चाई पडली, मग दुसरी, मग सगळंच. डोकं, भुवया, पापण्या. डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. शरीर आपल्याच केसांना परकं समजायला लागतं म्हणे. बाकी तब्येत ठणठणीत, रक्त उत्तम, साखर नाही. आजारच नाही म्हटल्यावर कोणाकडून सहानुभूती घ्यायची, हाही प्रश्नच. सानिकाला मी फक्त "केस गळतात गं हल्ली" एवढंच सांगितलं होतं आणि व्हिडिओ कॉलवर स्कार्फ बांधून बसत होते. दिवाळीत ती परीक्षेमुळं आली नाही, हिवाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेत अडकली. मला सुटल्यासारखं झालं होतं.

स्कार्फ इथं सोयीचा. परदेशी बायकांवरची सक्ती केव्हाच गेली, आमच्या कंपाउंडमधल्या मराठी बायकांनी तर अंगभर काळा अबायासुद्धा कपाटात टाकला. नेमकी त्याच वेळी मी डोकं झाकायला लागले. कोणी काही विचारलं नाही. भुवया रोज सकाळी पेन्सिलीनं काढायच्या. नाशकात लग्नाआधी मी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्या शिक्षणाचा आता एवढाच उपयोग. पण कोऱ्या कपाळावर टिकली काही केल्या बरी दिसेना, म्हणून ती सोडली. हळदीकुंकवालाही जाईनाशी झाले, कारण तिथं गजरा देतात. तो घेऊन मी माळणार कुठं?

मला भीती वाटायची ती एका क्षणाची. बोडकं डोकं पहिल्यांदा दिसलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक क्षण येतो. मग माणूस सावरतो, गोड बोलतो, पण तो क्षण येतोच. प्रमोदच्याही चेहऱ्यावर आला होता. त्याचा राग नाही मला. पण सानिकाच्या चेहऱ्यावरचा तो क्षण आपल्याला बघवेल का, हे मला कळत नव्हतं. तिला सांगायचं तर होतंच, तेही फोनवर नाही, समोरासमोर.

गुरुवारी उजाडताना निघालो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: रस्ते उत्तम आहेत, टोल नाही, पेट्रोल लिटरला सव्वादोन रियालच्या आतबाहेर. पण वेगाचे कॅमेरे जागोजागी आहेत आणि ते कोणाची गय करत नाहीत. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, लायसन्स आणि गाडीचे कागद हाताशी ठेवा. पहिला टप्पा मी चालवला. या देशात बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा आमच्या कंपाउंडमधून लायसन्ससाठी जाणाऱ्यांत मी पुढं होते, आणि प्रमोद तेव्हापासून शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबतो.

दम्मामच्या बाजूनं रियाधचा रस्ता धरला की काही वेळानं अबकैकचा फाटा लागतो. प्रमोदची पहिली नोकरी तिथली. दर वेळी तो फाटा आला की त्याला कॅम्पमधल्या खोलीची, चार जणांत एक कुकर असण्याची आठवण येते आणि दर वेळी तो ती नव्यानं सांगतो. त्या दिवशी मात्र त्याच्या हातात माझा फोन होता. सानिकानं भाषणाचा कच्चा मजकूर पाठवला होता आणि चुका काढायला सांगितल्या होत्या. वाळू, विजेचे खांब, उंटांपासून सावध राहा अशा पाट्या आणि प्रमोदचा चिपळुणी हेल घेतलेला इंग्रजी आवाज, असा आमचा प्रबोधनकाळ सुरू झाला.

तिनं लिहिलं होतं ते असं. त्या काळी इटलीत आणि वर उत्तरेकडं उंच, मोकळं कपाळ म्हणजे सौंदर्य. इतकं, की बायका पुढचे केस चिमट्यानं उपटून केसांची रेघ मागं न्यायच्या. भुवया तर कित्येकींनी जवळजवळ काढूनच टाकलेल्या. प्रमोद वाचता वाचता थांबला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघत होते. मग तो पुढं वाचायला लागला.

खरं तर ही चित्रं मला पाठ होती. आर्ट टीचरच्या परीक्षेला कलेचा इतिहास होता. त्या काळातल्या स्त्रीचित्रांवर टीप लिहा असा प्रश्न यायचा आणि आम्ही सगळ्या लिहायचो: प्रमाणबद्धता, छायाप्रकाश, भावदर्शन. पैकीच्या पैकी मार्क. चित्रातल्या बाईला भुवया नाहीत, हे ना आमच्या लक्षात आलं ना शिकवणाऱ्या बाईंच्या. मोठ्या कपाळाच्या मैत्रिणीला आम्ही चिडवायचो, तिची आई तिच्या कपाळावर बटा ओढून फोटो काढायची, आणि त्याच वेळी आम्ही पुस्तकातल्या त्या भल्यामोठ्या कपाळांना भावदर्शन म्हणत होतो.

रियाधला बथ्याच्या भागात राहिलो. तिथं खोली स्वस्त मिळते आणि सगळा भारत खाली रस्त्यावर असतो. केरळी हॉटेलात अप्पम आणि भाजी, दोघांचं मिळून चाळीस रियालच्या आत. बाजारातून चक्कर मारली. एका दुकानात गोरं करणाऱ्या क्रीमच्या डब्यांची भिंतच होती. काहींवर कंपनीचं नाव होतं, काहींवर नुसताच हसरा चेहरा. एक फिलिपिनो मुलगी दुकानदाराला मोडक्या अरबीत विचारत होती, किती दिवसांत फरक पडेल. तो म्हणाला आठवड्यात. सानिकाच्या मजकुरात होतं, की त्या काळी बायका चेहऱ्याला शिशाचा पांढरा लेप लावायच्या, कातडी खराब व्हायची आणि ते झाकायला आणखी लेप लावायच्या. मला त्या मुलीला काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय आणि कुठल्या भाषेत ते सुचलं नाही.

शुक्रवारचा टप्पा सगळ्यात लांब, रियाध ते ताइफ. एक सूचना: शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं, खाणावळी सगळं बंद असतं, तेव्हा टाकी आणि पोट दोन्ही आधीच भरून घ्या. आम्ही घेतलं नाही. एका पंपाच्या आवारात सावलीला गाडी लावून बसलो, धपाटे संपवले.

मी तोंड धुवायला बायकांच्या स्वच्छतागृहात गेले. कोणी नव्हतं. केस नसले की स्कार्फ टिकत नाही, सारखा मागं घसरतो, तो सोडून नीट बांधावा म्हणून काढला, डोक्यावरून गार पाणी फिरवलं. तेवढ्यात दार उघडून एक सुदानी बाई आत आली. साठीची, उंच, पांढऱ्या पातळासारखं वस्त्र गुंडाळलेली. ती थांबली. तो क्षण तिच्याही चेहऱ्यावर आला, मी आरशात बघितला. मग तिनं आपली पिशवी उघडली आणि आतून एक काळी सुती टोपी काढली. अशी टोपी आत घालून वर स्कार्फ बांधला की घसरत नाही, हे तिनं मला हातांनी दाखवलं, स्वतःच माझ्या डोक्यावर टोपी बसवली, स्कार्फ बांधला, कानापाशी टाचणी लावली. "खलास," म्हणजे झालं, असं म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावून आत निघून गेली. टोपी परत घेतली नाही. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. प्रमोदनं एसी थोडा वाढवला.

उरलेल्या रस्त्यात मी पुढचा मजकूर वाचला. व्हेनिसच्या बायका केस सोनेरी करायला गच्चीवर उन्हात बसायच्या. डोक्यावर टोपी, पण तिला वरचं झाकणच नाही, नुसती रुंद कड. मधल्या भोकातून केस बाहेर काढायचे, कडेवर पसरायचे आणि वर कसलंतरी पाणी लावत बसायचं. केस उन्हात, चेहरा सावलीत, कारण केस सोनेरी हवेत आणि कातडी पांढरी. खिडकीबाहेर अरबस्तानातलं दुपारचं ऊन होतं आणि मला त्या बायका डोळ्यांपुढं दिसायला लागल्या. घामाघूम, मान अवघडलेली, एकमेकींना विचारणाऱ्या, झाले का गं माझे.

सानिकानं मला एक काम दिलं होतं. तिला शिशाच्या लेपाला, ओठांच्या लाल रंगाला आणि केस काढायच्या पिवळ्या लेपाला आपल्याकडं काय म्हणतात ते हवं होतं. मी फोनवर सांगितलं: सफेदा, हिंगूळ, हरताळ. पहिल्यात शिसं, दुसऱ्यात पारा, तिसऱ्यात सोमल. ती म्हणाली, "आई, यू नो ऑल धिस?" चित्रकलेच्या बाईला रंगांची जुनी नावं माहीत असायचीच, पण मला तिचं ते आश्चर्य फार आवडलं.

ताइफ डोंगरावर आहे, थंड. मार्चअखेर गुलाब फुलतात आणि गुलाबपाण्याच्या भट्ट्या सुरू होतात. सकाळी एका भट्टीत डोकावलो, वासानंच पोट भरलं. गुलाबपाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि हादाचा घाट उतरलो. वळणं अशी, की वरंध घाटाची आठवण यावी. कठड्यावर वानरांच्या टोळ्या बसलेल्या असतात. त्यांना खायला घालू नका, काच वर ठेवा. घाट उतरला की मक्केचा रस्ता येतो. तिथं मोठी पाटी आहे, बिगर मुस्लिमांनी बाहेरच्या वळणरस्त्यानं जायचं. फाटा लक्ष ठेवून घ्यावा लागतो. प्रमोद म्हणाला, "आपला फाटा आला," आणि वळलो. जेद्दाला न थांबता उत्तरेला समुद्राच्या कडेनं थुवाल.

विद्यापीठाचं आवार बंदिस्त आहे. आत राहणाऱ्यानं आधी पास काढून ठेवला असेल तरच फाटक उघडतं. सानिकानं काढला होता. ती पाहुण्यांच्या इमारतीपाशी उभी होती, बारीक झालेली. मिठी मारली आणि सोडेचना. पण तिचं वागणं मला जरा चमत्कारिक वाटलं. फारच अदबीनं बोलत होती. खोली दाखवताना छतावरचा किब्ल्याचा बाण तिनं मला मुद्दाम दाखवला. आखाती देशांत हॉटेलच्या प्रत्येक खोलीत नमाजाची दिशा दाखवणारा तो बाण असतो, त्यात नवीन काय. वर म्हणाली, कपाटात चटईपण ठेवली आहे. मला वाटलं, योगासनांसाठी असेल.

संध्याकाळी छोट्या सभागृहात पन्नासएक लोक होते, सगळ्या देशांचे. सानिका निळा कुर्ता घालून उभी राहिली. भाषण वाचलेलं होतंच, पण आता पडद्यावर चित्रं मोठी झाली. माझ्याएवढ्या कपाळाच्या बायका ओळीनं. गोल हनुवटी, उतरते खांदे, लांब मान, पोट चांगलं सुटलेलं, आणि डोळ्यांच्या वर काहीच नाही. सानिका सांगत होती, की पुरुषांनी पुस्तकं लिहिली होती, बाईचं काय पांढरं हवं, काय काळं हवं, काय लाल हवं. गंमत म्हणजे त्यांच्यातले काही काळ्याभोर भुवयांची तारीफ करत होते, आणि त्याच सुमारास दुसरीकडच्या बायका भुवया उपटत बसल्या होत्या. डोळे मोठे दिसावेत म्हणून एका विषारी झाडाचा रस डोळ्यांत घालायचा. बाहुल्या मोठ्या व्हायच्या आणि समोरचं धूसर दिसायचं. म्हणजे दिसायला सुंदर आणि बघायला आंधळं. हे वाक्य तिचं नाही, माझ्या मनात आलेलं. सभागृह मात्र या जागी हसलं.

मला हसू आलं नाही. मनात पहिला विचार आला तो असा, की यांनी इतकं सोसून जे मिळवलं ते मला फुकट मिळालं. दुसरा विचार लगेच आला, की तेव्हा जन्मले असते तर मी सुंदर ठरले असते. आणि मग मला माझाच राग आला. कुठल्या तरी परक्या काळात पास होण्यात कसलं आलंय समाधान? माझा रंग सावळा, खांदे रुंद. कपाळाचे मार्क मिळाले असते आणि बाकी सगळ्या विषयांत नापास. त्या बायकाही परीक्षेलाच बसलेल्या होत्या, पेपर काढणारा तेवढा वेगळा.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. विद्यापीठात काम करणाऱ्या एका मध्यमवयीन सौदी बाईंनी हात वर केला. काळा अबाया, चष्मा, शांत आवाज. त्यांनी विचारलं, या बायकांनी स्वतःला काय वाटत होतं ते कुठं लिहून ठेवलं आहे का. सानिका म्हणाली, काहींनी लिहिलं आहे, पण फार थोड्यांनी. लेप कसा करायचा त्याच्या कृती खूप सापडतात. रात्री लेप धुतल्यावर आरशात बघून काय वाटलं, ते मला तरी सापडलं नाही. हे बोलताना ती माझ्याकडं बघत होती. मी स्कार्फ सारखा केला.

भाषणानंतर थुवाल गावात मासे खायला गेलो. गाव आवाराच्या बाहेर, जुनं, कोळ्यांचं. बर्फावरचा मासा आपण निवडायचा, वजन करायचं, भाजून हवा की तळून ते सांगायचं. सोबत सयादिया, म्हणजे कांदा काळसर परतून केलेला माशाचा भात. तिघांचं शंभरेक रियालमध्ये भरपेट होतं. कुटुंबासाठी पडदा लावलेल्या वेगळ्या खोल्या असतात, खाली सतरंजीवर बसायचं. चिपळूणच्या माणसाला आणखी काय हवं? प्रमोदनं नाजिल नावाचा मासा निवडला आणि जगाला विसरला.

मी ठरवलं होतं, जेवण झालं की सांगायचं. पण सानिका काही खातच नव्हती. भात चिवडत होती. मग एकदम म्हणाली, "आई, एक विचारू? तू रागावू नकोस."

मी म्हटलं विचार.

"तन्वीनं मला नोव्हेंबरमध्येच सांगितलं. मी कोणाला काही बोलले नाही. इट्स युअर लाइफ. मला काही प्रॉब्लेम नाही, खरंच. फक्त तू स्वतः सांगायला हवं होतंस."

तन्वी म्हणजे आमच्या शेजारच्या शुभाताईंची मुलगी. मी विचारलं, काय सांगायला हवं होतं.

सानिकानं बाबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "की तू मुसलमान झालीस."

प्रमोदच्या घशात काटा अडकला. त्याच्या पाठीवर थापा मारता मारता माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. सगळ्याजणी डोकं उघडं ठेवायला लागल्या तेव्हा मी झाकायला लागले. टिकली गेली. हळदीकुंकू बंद. दिवाळीत लक्ष्मीपूजनाचा प्रसाद देताना शुभाताई दारातच अडखळल्या होत्या आणि "तुम्हाला चालेल ना?" असं त्यांनी विचारलं होतं. मला वाटलं होतं, माझ्या साखरेची काळजी आहे. आणि छतावरचा बाण, कपाटातली चटई. पोरीनं आईसाठी नमाजाची सोय करून ठेवली होती.

मी हसायला लागले ते थांबेचना. पडद्यापलीकडचं कुटुंब गप्प झालं इतकं हसले. सानिका आधी गोंधळली, मग तिला राग यायला लागला. ती म्हणाली, ती किती रात्री विचार करत होती, तिनं कितीतरी वाचलं, मैत्रिणींना विचारलं की घरातल्या कोणी धर्म बदलला तर दुखावेल असं काय बोलू नये. हे ऐकलं आणि माझं हसू गेलं. मी इतके महिने तिच्या चेहऱ्यावरच्या एका क्षणाला घाबरत होते आणि ती तिकडं एकटीच, आई नक्की कोण झाली आहे याची तयारी करत होती. तरी तिनं फोन कमी केले नव्हते. स्वीकारायचं ठरवून बसली होती.

मी कानापाशची टाचणी काढली. स्कार्फ काढला, सुदानी बाईची टोपी काढली, पाण्याचा हात कपाळावरून फिरवून पेन्सिलीच्या भुवयाही पुसल्या.

तो क्षण आला. मी डोळे मिटले नाहीत. मला किळस दिसेल किंवा कीव, असं मी धरून चालले होते. दोन्ही नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला आणि त्यावर भीती होती, निव्वळ भीती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"तू आजारी आहेस?"

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. कशी दिसते यात मी इतकी अडकले होते, की मी जगते की नाही हा प्रश्न कोणाला पडेल, याचा विचारच केला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, चाई, डॉक्टर, तपासण्या. प्रमोदनं साक्ष दिली, कटाक्षानं इंग्रजीत, म्हणजे तिला ते वैद्यकीय वाटावं. तिचा विश्वास बसायला वेळ लागला. मग तिनं माझ्या दंडावर दोन सणसणीत चापट्या मारल्या, रडली, नाक पुसलं आणि विचारलं, हात लावू का. तिचा तळवा तेलकट होता, माशाच्या मसाल्याचा. तो तसाच माझ्या डोक्यावर किती वेळ होता कोण जाणे. नंतर तिनं गार झालेला सगळा भात संपवला.

त्या काळच्या बायकांचं सांगून तिनं माझी समजूत घातली नाही याबद्दल मी तिची आभारी आहे. आई तू तेव्हा किती सुंदर ठरली असतीस, असं ती म्हणाली असती तर मी स्कार्फ पुन्हा बांधला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राकाठी चालताना तिनं फक्त एवढंच विचारलं, पापण्या नसल्यामुळं वाळू डोळ्यांत जाते का. जाते, असं मी म्हटलं. तिनं स्वतःचा गॉगल काढून दिला. असला व्यवहारी प्रश्न मला अजून कोणी विचारला नव्हता.

परतीचं फार लिहीत नाही. तोच रस्ता उलटा, या वेळी शुक्रवार नसल्यानं खाण्याचे हाल झाले नाहीत. घाटात चढताना गाडी तापते, एसी बंद ठेवा. मी डोक्यावर फक्त टोपी ठेवली होती, तीही अर्ध्या रस्त्यात काढली. पंपावरच्या एक-दोघांनी बघितलं, पेट्रोल मात्र त्याच भावानं घातलं.

जुबैलला पोचल्यावर ताइफचं गुलाबपाणी द्यायला शुभाताईंकडं गेले, तशीच. त्यांच्या चेहऱ्यावर तो क्षण आला, त्यापाठोपाठ दुसरा आला, स्वतःची लाज वाटल्याचा, आणि तो बराच वेळ टिकला. "आम्हाला आपलं वाटलं," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला आत पळाल्या. मी त्यांना फार छळलं नाही. थोडं छळलं.

काय उरलं या प्रवासातून? रस्ता, गुलाबाचा वास, प्रमोदचा मासा. आणि त्या उंच कपाळाच्या बायका. आता त्यांची चित्रं बघते तेव्हा भावदर्शन वगैरे दिसत नाही. चिमटा बाजूला ठेवून चित्रकारापुढं येऊन बसलेली, कपाळाची आग होत असलेली बाई दिसते. मला तिच्याजवळ बसावंसं वाटतं. मी तिच्याहून शहाणी आहे असं अजिबात नाही, अजूनही आरशापुढून जाताना मान वळतेच माझी.

परवा सानिकाचा व्हिडिओ कॉल आला. मी स्वयंपाकघरात होते, डोक्याला काही नाही, भुवया काढलेल्या नाहीत. बोलता बोलता तिच्या मागून तिची मेक्सिकन मैत्रीण आली, दोघी एकाच घरात राहतात. तिनं वाकून पडद्यात बघितलं. सानिका म्हणाली, "ही माझी आई," आधी मराठीत, मग इंग्रजीत.

मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. तिला ना, एक प्रॉब्लेम आहे, पण तब्येत चांगली आहे, असं काहीतरी वाक्य येणार म्हणून मी चेहरा तयार ठेवला होता. सानिका नखावरचा कसलातरी डाग खरवडत होती. पुढचं वाक्य आलंच नाही. मैत्रिणीनं हात हलवला आणि विचारलं, मागच्या वेळी पाठवलेली ती शेंगदाण्याची चटणी आणखी मिळेल का.